शाई, भंडारा आणि बातमी

सोलापूरच्या शासकीय विश्रामगृहात 2023 साली पाच-सव्वापाच आठवड्यांच्या अंतराने दोन पालकमंत्र्यांवर हल्ला म्हणावा की निषेध, असा प्रकार घडला. 8 सप्टेंबरला राधाकृष्ण विखे पाटील धनगर आरक्षणाचं निवेदन वाचत असताना ते देणाऱ्यानेच खिशातून भंडारा काढून त्यांच्या डोक्यावर उधळला. आसपासच्या मंडळींनी त्याला खाली पाडलं आणि कॅमेऱ्यादेखत बदडलं. मंत्री म्हणाले, भंडारा पवित्र असतो, कारवाई करू नका. 15 ऑक्टोबरला नवे पालकमंत्री चंद्रकांत पाटील त्याच विश्रामगृहात होते. शासकीय नोकऱ्यांच्या कंत्राटीकरणाचा आणि खासगीकरणाचा निषेध म्हणून भीम आर्मीच्या कार्यकर्त्याने त्यांच्यावर शाई फेकली. पोलिसांनी त्याला उचललं. पाटलांना शाई नवीन नव्हती. फुले, आंबेडकर आणि कर्मवीर भाऊरावांनी शाळांसाठी ‘भीक’ मागितली, या वाक्यावरून डिसेंबर 2022 मध्ये पिंपरीत त्यांच्या तोंडावर शाई फेकली गेली होती. तिथे फेकणाऱ्यांवर खुनाच्या प्रयत्नाचं कलम 307 लागलं, चित्रीकरण करणाऱ्या पत्रकाराला ताब्यात घेतलं गेलं आणि बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले.

भंडारा फेकणाऱ्याला देवाधर्माचं कवच होतं आणि त्याच्यामागे राज्यभर मतदान फिरवू शकणारा समाज होता. शाईला दोन्ही नव्हतं. मंत्र्याच्या अंगाला हात लावायचा, त्याला घाबरवायचं, हे दोन्हीकडे सारखंच होतं आणि माझ्या मते दोन्हीकडे चूक होतं. पण एकाची गणना भावनेत झाली, दुसऱ्याची गुन्ह्यात. सोलापुरातली खरी मारहाण तर भंडारा फेकणाऱ्याला झाली. ती सगळ्यांनी पाहिली, तरी बातमीचं नाव ‘भंडारा प्रकरण’ असंच पडलं, ‘मारहाण प्रकरण’ असं पडलं नाही.

माध्यमं पक्षपाती आहेत, ही तक्रार आता प्रत्येक पक्ष करतो, त्यामुळे ती बोथट झाली आहे. कुणाला चॅनेलं विकलेली वाटतात, कुणाला संपादक पुरोगामी टोळीतले वाटतात. मला या भांडणात रस नाही. आंदोलन अतिरेकी ठरतं ते बहुतेक वेळा बातमी कुठल्या क्षणी सुरू होते यावरून, आणि तो क्षण कोण निवडतो हे वाचक क्वचित विचारतो. दगडापासून सुरू केली की जमाव दोषी. आदल्या दिवशीच्या लाठीपासून सुरू केली की पोलीस दोषी. सहा महिने धूळ खात पडलेल्या निवेदनापासून सुरू केली तर चित्र आणखी वेगळं, पण तिथपर्यंत मागे जायला जागा नसते आणि वार्ताहराला वेळ नसतो.

सोलापूरकरांना हे कुणी शिकवायला नको. मे 1930 मध्ये हे शहर जगाच्या बातम्यांत आलं ते असंच अर्ध्यातून.

5 मे रोजी, मध्यरात्रीनंतर लगेच गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ, मिरवणुका, गिरण्या बंद. शिंदीची झाडं तोडण्याचा सत्याग्रह सुरू झाला आणि 8 मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात झाडं तोडणाऱ्यांना पोलिसांनी धरलं. त्यांना सोडा म्हणत लोक जमले. गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतर शहर उसळलं. मंगळवार पेठेतल्या चौकीवर जमाव गेला, पोलीस मारले गेले, न्यायालयाला आग लागली. पोलीस शहरातून बाहेर गेले आणि दोन-तीन दिवस रहदारी आणि पहारा काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला. 12 मेला लष्करी कायदा आला, तो 30 जूनपर्यंत टिकला. जुनी माणसं आजही त्या काळाला ‘मार्शल लॉ’ असंच म्हणतात. गांधी टोपी घालणं आणि तिरंगा बाळगणं हे त्या दिवसांत शिक्षेचे गुन्हे होते.

सरकारची कहाणी सुरू होत होती जळत्या न्यायालयापासून आणि मेलेल्या पोलिसांपासून. शहराची कहाणी शिवदारेला लागलेल्या गोळीपासून. दोन्हीतली एकही गोष्ट खोटी नाही. पण तारेने मुंबईला आणि लंडनला गेली ती पहिली, कारण तारयंत्र सरकारच्या हाती होतं आणि 27 एप्रिलला निघालेल्या प्रेस वटहुकमाने देशी छापखान्यांच्या मानेवर जामिनकीचं जोखड आलेलं होतं. त्याच महिन्यात, 21 मेला, धारासण्याच्या मिठागरावर वेब मिलर हा अमेरिकन वार्ताहर उभा होता. हात न उचलता लाठ्या खाणाऱ्या सत्याग्रहींचं त्याने केलेलं वर्णन जगभर छापलं गेलं. सोलापुरात तेव्हा लष्कराचा अंमल होता. एक जमाव अहिंसेचा आदर्श ठरला, दुसरा पिसाळलेली झुंड, आणि या निवाड्यात दोन्ही जमावांच्या वागण्याचा वाटा मोठा होता हे मान्य करूनही, कुठे साक्षीदार होता आणि कुठे नव्हता याचा वाटा लहान नव्हता.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवत होते. म्हणजे फासावर गेलेल्यांत एक संपादकही होता. धनशेट्टींनी तर खवळलेल्या जमावाला आवरलं, असं सोलापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. आज चार पुतळ्यांपाशी दर 12 जानेवारीला हार पडतात, आणि भाषणांत चौघांचे चार वेगळे समाज आवर्जून मोजले जातात. (हल्ली प्रत्येक समाजाचे वेगळे फ्लेक्स लागतात, तो भाग निराळा.)

आता आपल्या अंगाशी येणारी गोष्ट. मंगळवार पेठेच्या चौकीत जे पोलीस मेले, तेही पोटासाठी खाकी घातलेले इथलेच लोक होते. त्यांची नावं सोलापुरातल्या किती शाळकरी मुलांना सांगता येतील? एकालाही नाही, आणि त्यांच्या मास्तरांनाही नाही. शिवदारेचं मरण आणि शिपायांचं मरण एकाच दिवसाच्या दोन बाजू आहेत, पण स्मृतीने एक ठेवली आणि एक टाकली. साम्राज्याच्या वर्तमानपत्रांनी जे केलं तेच आपण उलट्या बाजूने केलं. चौघे निर्दोष होते असं माझंही मत आहे. खटल्याच्या पुराव्याबद्दल तेव्हाही शंका होत्या. पण निर्दोष माणसं फाशी गेली म्हणून चौकी कुणी पेटवलीच नाही, असं होत नाही. जमावाने ती पेटवली. मार्च 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने भगतसिंगांच्या धैर्याचा गौरव करताना राजकीय हिंसेपासून आपण अलिप्त आहोत असंही त्याच ठरावात लिहिलं. भगतसिंगांना वाचवलं नाही म्हणून तरुणांनी तेव्हा गांधीजींना काळे झेंडे दाखवले होते. तरी ते लिहिण्याची धमक त्या ठरावात होती, आणि आजच्या कुठल्याही पक्षाच्या पत्रकात ती शोधून सापडणार नाही.

जवळच्या काळात या. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाकडे निघालेल्या आंबेडकरी अनुयायांवर दगडफेक झाली, गाड्या जळल्या. 3 जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, मुंबईत लोकल अडल्या, एसटीच्या काचा फुटल्या. अनेक शहरी घरांत या घटनेची सुरुवात आजही 3 तारखेपासून होते, कारण त्या दिवशी त्यांची लोकल चुकली. दगडफेकीबद्दल हिंदुत्ववादी नेते मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांच्याविरुद्ध 2 जानेवारीला तक्रार नोंदली गेली होती. एकबोट्यांना मार्चमध्ये अटक झाली, पुढच्या महिन्यात जामीन मिळाला. भिड्यांना अटकच झाली नाही. जूनपासून, दगडफेकीच्या आदल्या दिवशी पुण्यात झालेल्या एल्गार परिषदेच्या निमित्ताने जी धरपकड सुरू झाली ती यूएपीएखाली. त्यातले काही जण वर्षानुवर्षं आत राहिले आणि फादर स्टॅन स्वामी जुलै 2021 मध्ये कोठडीतच गेले. ‘अर्बन नक्षल’ हा शिक्का 2018 मध्येच घरोघर पोचला. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेले, दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून रात्रीच आझाद मैदान गाठणारे शेतकरी-आदिवासी रक्ताळलेल्या पायांनी उभे असताना खासदार पूनम महाजन यांनी शहरी माओवादाचा उल्लेख केला होता. तिथे काचेला तडाही गेला नव्हता.

आणि जिथे तडा गेला तिथे? 2023 मध्ये आंतरवाली सराटीला 29 ऑगस्टपासून मराठा आरक्षणासाठी उपोषण चाललं होतं. 1 सप्टेंबरला लाठीमार झाला. आधी दगड की आधी लाठी, यावर दोन कहाण्या. पण तीन दिवसांत गृहमंत्री देवेंद्र फडणवीसांनी जाहीर माफी मागितली. मागितली हे चांगलंच केलं. ऑक्टोबरअखेर बीड जिल्ह्यात आमदारांची घरं पेटली, तेव्हाही ‘समाजाच्या भावना’ समजून घेण्याची भाषा सर्वपक्षीय होती. हीच समजूत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराच्या वाट्याला आली नव्हती. 11 जुलै 1997 ला तिथे आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं कळून लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मेले. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, ही पोलिसांची बाजू पहिल्या दिवसापासून बातमीत बसली. चौकशी आयोगाला गोळीबार समर्थनीय वाटला नाही आणि 2009 मध्ये सत्र न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याला दोषी धरलं. मात्र टँकर लोकांच्या डोक्यात राहिला तो राहिलाच.

याला नुसतं जात म्हणून मोकळं होता येईल, पण ते अपुरं आहे. संख्याबळ, निवडणूक जवळ आहे की लांब, वार्ताहर कुठल्या वस्तीत राहतो, पेपरला वाढदिवसाच्या जाहिराती कुणाच्या येतात, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हा ही निवड थेट कायद्याच्या मजकुरात उतरली. मूळ मसुदा व्यक्ती आणि संघटनांच्या बेकायदा कृत्यांविषयी होता. बारा हजारांवर सूचना-हरकती आल्यावर संयुक्त समितीने ‘कडव्या डाव्या’ संघटनांचं नाव घातलं. धाक कमी व्हावा म्हणून केलेली ही दुरुस्ती मला मूळ मसुद्याइतकीच खटकते. कडवेपणा एकाच हाताला असतो, असं कायदाच म्हणाला तर उपसंपादकाने वेगळं का म्हणावं?

पुरोगामी मित्रांना इथपर्यंतचं पटेल. पुढचं पटणार नाही. बंदमध्ये फुटते ती एसटी. तिच्यात अक्कलकोट-मंगळवेढ्याचा मजूर बसलेला असतो, मंत्री बसत नाही. आपल्या बाजूचा बंद असला की आपण त्या काचांना ‘किरकोळ अनुचित प्रकार’ म्हणतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये आदल्या वर्षीच्या मुंबई बंदबद्दल शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी 20 लाखांचा दंड केला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. तोच न्याय आपल्या बंदला लावा असं म्हणणारा अग्रलेख माझ्या वाचनात आलेला नाही. सोलापूरने ऑक्टोबर 2002 मध्ये याची जबर किंमत मोजली. जेरी फॉलवेल नावाच्या अमेरिकन पाद्र्याने टीव्हीवर पैगंबरांबद्दल अपशब्द काढले, इथे बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली. फॉलवेलने दुसऱ्या दिवशी दिलगिरी व्यक्त केली. अपशब्द त्याचे, दगड इथले, आणि मेलेल्यांपैकी कुणीही त्याचं नाव आठवड्याभरापूर्वी ऐकलेलं नसणार. तेव्हाही बंद पुकारणाऱ्यांची जबाबदारी किती, हा प्रश्न विचारणारा ताबडतोब कुठल्या तरी बाजूचा ठरत होता.

शाईकडे एक नजर आणखी. 15 ऑक्टोबरला ती पडली आणि 20 ऑक्टोबरला सरकारने कंत्राटी भरतीचा शासन निर्णय रद्द केला. त्याआधी कित्येक आठवडे स्पर्धा परीक्षांची पोरं जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढत होती, निर्णय फिरला तो त्यांच्यामुळे आणि विरोधकांच्या रेट्यामुळे. पण टीव्ही पाहणाऱ्या विशीतल्या पोराने काय शिकायचं? जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर कुठल्याही कामाच्या दिवशी जा. दोन मंडप, एक सतरंजी, अंगणवाडी सेविका, विडी कामगार बाया, जमिनीची नोंद न झालेला कुणी म्हातारा. उन्हाने पिवळा पडलेला फ्लेक्स, त्यावर ‘बेमुदत’. आतल्या पानावर चार ओळी येतात, त्याही संघटनेच्या माणसाने स्वतः लिहून पाठवलेल्या. मंडपात कुणी रॉकेलचा डबा आणला की मात्र सगळे कॅमेरे हजर. कडवेपणा घातक आहे असं अग्रलेखात लिहायचं आणि कडवेपणालाच पहिलं पान द्यायचं, हे एकाच इमारतीत, एकाच संध्याकाळी चालतं. याला मी दुटप्पीपणाही म्हणणार नाही. तो धंदा आहे, आणि गिऱ्हाईक आपण आहोत.

फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत 512 किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक आला, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो देशभर गेला. कांद्याचे भाव पडल्याची ओरड त्याआधीही चालूच होती, पण दोन रुपयांचा चेक फोटोत मावतो, पडलेला भाव मावत नाही. मार्चमध्ये दिंडोरीहून शेतकरी पुन्हा मुंबईकडे चालू लागले, त्यांच्या मागण्यांत कांदा होता, आणि सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं. मोर्चा चालत होता तेव्हा स्टुडिओत चर्चा कसली? रस्ता अडेल का, मुंबईकरांना त्रास होईल का, यामागे कोण आहे. ती बातमी बार्शीच्या त्या चेकपासून सुरू करता आली असती. चेक सगळ्यांकडे होता, महिनाभर आधीपासून.