राक्षस ठरवतो कोण?

अद्भुतकथेत शत्रूला राक्षस ठरवावे लागत नाही. तिथे तो मुळातच राक्षस असतो. या सोयीचे नैतिक मूल्य काय, हा प्रश्न अल्बेर्तो वाझ्केझ यांच्या ‘युनिकॉर्न वॉर्स’ (२०२२) या स्पॅनिश अ‍ॅनिमेशनपटाने तीव्रपणे उभा केला आहे. त्यातील सैनिक म्हणजे खेळण्यातली गुबगुबीत अस्वले. शेवटच्या एकशिंगी घोड्याचे रक्त पिणारा अक्षय सौंदर्य पावतो, ही त्यांची धर्मश्रद्धा. राक्षस अरण्यात सापडत नाही. तो छावणीत, प्रार्थना आणि कवायतीतून घडतो. पात्रांचे गोंडस रूप हा येथे अलंकार नाही. निरागस दिसणे म्हणजे निरागस असणे, या प्रेक्षकाच्या गृहीतकावरच तो आघात आहे.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील, पाचव्या शतकातील सिंहलावदानाचा भित्तिपट या संदर्भात पुन्हा पाहावा लागतो. जहाज फुटून बेटावर आलेल्या व्यापाऱ्यांना राक्षसी सुंदर स्त्रियांच्या रूपात भेटतात. सिंहलाची सुटका शुभ्र दिव्य अश्व करतो. पुढे राजा झाल्यावर तो सैन्यासह त्याच बेटावर चालून जातो. कथेपुरते हे युद्ध न्याय्यच आहे, कारण त्या राक्षसी आहेत हे कथेने आधीच सांगितले आहे. सौंदर्याचा पडदा दूर होणे म्हणजे ज्ञान, अशी तिची रचना आहे. चित्रपटात मात्र पडदा शत्रूच्या नव्हे, पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आहे. अवदानाला त्यासाठी दोषी धरण्याचे कारण नाही; पण कथेतील ही निश्चिती इतिहासात आणता येते काय?

मराठवाड्याला हा प्रश्न परका नाही. ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. रझाकारांचे अत्याचार ही कल्पित कथा नव्हे आणि ती स्मृती पुसण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सामान्य मुस्लिमांवर झालेल्या हिंसेची नोंद सुंदरलाल समितीने केली. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि नांदेड होते. गुन्हा करणाऱ्यांचे नाव गुन्हा न करणाऱ्या शेजाऱ्यालाही चिकटले, तेव्हा कथेची निश्चिती गावात उतरली.

म्हणून अद्भुताची नैतिक कसोटी त्यातील रक्तपाताच्या प्रमाणावर ठरत नाही. राक्षस दाखवणारी कलाकृती, त्याला ते नाव कोणी आणि कशासाठी दिले हेही दाखवते काय, यावर ती ठरते. एरवी अद्भुत हे उन्मादाचेच प्रशिक्षण ठरण्याचा धोका असतो.