पुतळ्यापाशी ये

बीडमध्ये कुणाला भेटायचं असलं तर आम्ही लोकेशन पाठवत नाही. ‘पुतळ्यापाशी ये’ एवढं बास होतं. कुठला पुतळा, हे विचारणारा माणूस बाहेरचा, असं आम्ही धरून चालतो. शहरात बाबासाहेबांचा पुतळा आहे, अण्णाभाऊंच्या नावाचा चौक आहे, पण माझ्या तोंडी नुसतं ‘पुतळा’ आलं की तो शिवाजी महाराजांचा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरचा माझा रूममेटही बीडचाच होता. त्याच्या घरी ‘पुतळा’ म्हणजे बाबासाहेबांचा. एकाच शहराचे, एकाच वयाचे आम्ही दोघं. शब्द एक आणि पत्ते दोन.

प्रोग्रामिंगमध्ये पॉइंटर नावाची एक गोष्ट असते. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तू कुठं ठेवलीय त्याचा पत्ता. वस्तू उचलून नेली तरी पत्ता तसाच राहू शकतो, आणि मग प्रोग्राम गडबडतो. शहरं मात्र गडबडत नाहीत. मुंबईचा काळा घोडा बघा. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा तिथून १९६५ साली हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पन्नासेक वर्षं त्या चौकात घोडाच नव्हता, तरी लोक काळा घोड्यालाच उतरत होते. २०१७ मध्ये तिथं नवा घोडा बसवला, तोही स्वाराविना. राजा कोण होता, हे आज तिथं कॉफी प्यायला जाणाऱ्या किती जणांना सांगता येईल? नाव मात्र पक्कं आहे.

म्हणजे चौक लोकांच्या लक्षात राहतो तो पुतळ्यातल्या माणसामुळेच, असं नाही. मग पुतळा कशासाठी असतो? आणि चौक कुणाचा असतो? बीडसारख्या जिल्ह्यात हे दोन प्रश्न गेल्या काही वर्षांत नुसते गप्पांचे राहिलेले नाहीत.

आमच्या ग्रुपवर मी एकदा विचारलं होतं, डोळे मिटून सांगा, महाराजांचं तोंड कोणत्या दिशेला आहे? नऊ जणांनी उत्तर दिलं आणि दिशा चार आल्या. त्यातले तिघं दरवर्षी १९ फेब्रुवारीला फेटा बांधून तिथं हजर असतात. (बरोबर उत्तर मी इथं देत नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा मान वर करून बघा.) मग मी विचारलं, चौकातलं काय आठवतं? त्यावर रात्री दीडपर्यंत मेसेज येत होते. पहाटे ट्रॅव्हल्समधून उतरल्यावर घेतलेला पहिला चहा. दहावीच्या निकालाच्या दिवशी घरी न जाता तिथंच काढलेले तीन तास. पोलीसभरतीच्या तयारीतली पोरं, अंधारात पळून आल्यावर गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिलेली. एकानं लिहिलं, बाप वारल्याचा फोन मला तिथं आला होता, मी आजही त्या कोपऱ्यावर गाडी थांबवत नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. स्मरण आणि आठवण. स्मरण करावं लागतं. त्याला तारीख असते, हार असतो, माइक असतो. आठवण येते, तिला कुणी बोलवत नाही. पुतळा उभा केला जातो स्मरणासाठी, आणि त्याच्या पायथ्याशी साठत जातात त्या आठवणी. स्मरणाला आपल्याकडे फार मान आहे. निधी मिळतो, समिती असते, उद्घाटन होतं. आठवणीला काहीच मिळत नाही.

स्मरणाची अडचण अशी की त्यावर मालकी सांगता येते. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पवाडा लिहिला, तो शेतकऱ्यांच्या राजाचा. १८९० च्या दशकात टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सुरू केला, तेव्हा त्याचा रोख वेगळा होता. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी हजारो लोक निदर्शनं करत होते. महाराज दोन्ही बाजूंना वंदनीयच होते. वाद एवढाच होता, की त्यांच्या नावानं बोलायचं कुणी. स्मरणात हे होणारच, कारण स्मरण एकाच्या तोंडून होतं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असतं.

आठवणीवर अशी मालकी लागत नाही. माझ्या चहाची आठवण तुमच्या चहाच्या आठवणीला ढकलत नाही. म्हणून मला बरेच दिवस वाटायचं की चौकावर खरा हक्क आठवणींचा. जो तिथं थांबलाय, त्याचा चौक. कुणाची भक्ती किती मोठी हे मोजायला यंत्र नाही, पण थांबायला सगळ्यांना दोन पायच लागतात. ऐकायला हे छान आहे. पण दोन माणसांनी यातली हवा काढली.

पहिला तो रूममेट. तो म्हणाला, ‘तुला पुतळा पत्ता वाटतो कारण तुला तिथं उभं राहायला कुणी कधी अडवलं नाही.’ त्याच्या आजोबांच्या गावात पाणवठ्यावर उभं राहायची सोय नव्हती, चौक तर लांबच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला तो जुलै १९७८ मध्ये. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. एका नावासाठी एवढं सोसलेल्या घरात पुतळा म्हणजे भेटायची खूण नसते. आपला माणूस भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांच्या वर उभा आहे, याचा तो पुरावा असतो. त्याच्याकडे आधी स्मरण आलं आणि त्या आधारानं नंतर तिथं थांबायची सवय लागली. माझ्याकडे क्रम उलटा. तेव्हा स्मरणाला दिखाऊ म्हणून बाजूला सारणं हीसुद्धा आधीपासून जागा असलेल्याची चैन आहे.

दुसरी माझी चुलत बहीण. ती बीडच्याच कॉलेजात पाच वर्षं होती. तिला विचारलं, पुतळ्यापाशी थांबल्याची एखादी आठवण सांग. ती म्हणाली, ‘आम्ही तिथं कधी थांबलोच नाही. आम्ही तिथून जायचो.’ थांबलं की कुणीतरी बघणार, बघितलं की घरी कळणार. पाच वर्षं रोज दोनदा त्याच चौकातून, मान खाली घालून, चालीचा वेग न मोडता. आमच्या ग्रुपवरची ती दीड वाजेपर्यंतची आठवणींची रांग मी पुन्हा वाचली. सगळी पोरंच होती.

आणि ज्यांना कुणीच विचारत नाही ते ऊसतोड मजूर आहेतच. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अर्धं वर्ष फडावर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर बसलेली लेकरं, बांधलेली शेळी. शहरातून जाताना त्यांना पुतळा दिसत असेल तो तेवढ्या एका वळणापुरता. सहा महिने जिल्ह्याबाहेर काढणाऱ्याचा चौक कोणता? कारखान्याच्या गेटसमोरचा? जो राजा रयतेचा म्हणून आपण स्मरतो, ती रयत ट्रॉलीत बसून त्याच्यासमोरून निघून जाते. जयंतीच्या दिवशी फेब्रुवारीत ती फडावर असते.

मग हक्काचा माझा हिशोब बदलावा लागतो. चौकात कोण थांबलं, यापेक्षा कोणाला काहीही कारण न सांगता थांबता येतं, हा प्रश्न जास्त खरा आहे. आणि तो पुतळ्याच्या उंचीनं सुटत नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. लगेच त्याहून उंच पुतळा उभारायची घोषणा झाली. इंजिनिअर म्हणून मला पायाची, सांध्यांची, खाऱ्या वाऱ्याची चर्चा अपेक्षित होती. चर्चा जास्त फुटांचीच झाली.

बीडमध्ये हा प्रश्न हल्ली टोचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात जाळपोळ झाली, आमदारांची घरं पेटली, संचारबंदी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्हा देशभर टीव्हीवर गेला. २०२५ मध्ये बीड पोलिसांनी नावाच्या पट्ट्यांवरून आडनावंच काढली, फक्त पहिलं नाव ठेवलं. पुण्यात फ्लॅट बघायला गेलो की मालक अजूनही विचारतो, ‘बीडचे का?’ आणि मग थोडा थांबतो. तो थांबतो ते मला झोंबतं. पण खरं सांगायचं तर आमच्यातही हेच सुरू झालंय. ग्रुपवरचा एक मित्र, ज्याच्यासोबत मी तिथं शेकडो चहा प्यायलोय, गेल्या दोन दिवाळ्यांना म्हणाला, ‘पुतळ्यापाशी नको, बायपासच्या हॉटेलात भेटू.’ का, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही, कारण आमची आडनावं दोघांनाही माहीत आहेत. पोलिसांच्या पट्टीवरून आडनाव काढता येतं. चहाच्या गाड्यावर उभं असताना ते कुठं ठेवायचं?

महाराजांनी, बाबासाहेबांनी यात काय म्हटलं असतं, असा युक्तिवाद मी करणार नाही. तो सगळेच करतात आणि उत्तर प्रत्येकाला सोयीचंच मिळतं. मला दिसतं ते एवढंच, की मित्रानं तिथं यायचं टाळलं तेव्हा पुतळ्याचं काही कमी झालं नाही. हार होते, दिवे होते. गेला तो पत्ता, दोघांना न विचारता समजणारा.

यंदा दिवाळीला मी त्याला लिहिलंय, पुतळ्यापाशीच भेटू, सहा वाजता. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. बहिणीलाही म्हटलं, तू पण ये, पोरीला घेऊन, नुसतं उभं राहायला. ती हसली. ‘येते की,’ म्हणाली, ‘पण उभं का म्हणून? इतकी वर्षं चौक सुशोभित करतात, तिथं बायांना बसायला एक बाकडं आहे का ते आधी बघून ये.’