गोड्या पाण्याकाठी

या. इथे बसा.

पायरी थोडी ओलसर आहे. चालेल. काळा दगड सकाळी गार असतो, मग हळूहळू आपली ऊब घेतो.

खिशातली यादी खिशातच राहू द्या. गेटवे, म्युझियम, हँगिंग गार्डन, चौपाटीची भेळ, कुणीतरी आग्रहाने सांगितलेलं माशांचं हॉटेल. सगळं आपापल्या जागी आहे. मुंबई आज कुठे जात नाही.

आत्ता फक्त हे पाणी.

तीन बत्तीवरून उतरून आलात. वाळकेश्वरचे उंच मनोरे मागे राहिले, गल्ली अरुंद झाली, पायऱ्या लागल्या, आणि पुढ्यात हे तळं आलं. बाणगंगा.

लांबट चौकोन. चारी बाजूंनी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. काठावर दीपमाळा, लहान लहान देवळं, देवळांना टेकलेली घरं, घरांच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे.

ऊन अजून वर आहे, मागच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर. पाण्यापर्यंत उतरायला त्याला वेळ आहे.

आपल्यालाही आहे.

श्वास घ्या. मुद्दाम खोल नको. येतो तसा येऊ द्या.

वास येतो. शेवाळाचा. ओल्या दगडाचा. कुठल्याशा गाभाऱ्यातल्या उदबत्तीचा. आणि त्या सगळ्यामागे आणखी एक, पुसट.

पुन्हा घ्या.

हो, खारट. पलीकडे समुद्र आहे. घरं ओलांडली की खडक, आणि खडकांवर लाटा. कान दिलात तर ऐकूही येईल. गाड्यांच्या आवाजासारखाच वाटतो आधी. मग लक्षात येतं, गाडी अशी मागे सरत नाही.

आता समोर बघा. हे पाणी गोडं आहे.

एवढंच धरून बसू या. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि हे पाणी गोडं.

खाली झरा आहे. तो दिसत नाही. वर बुडबुडे नाहीत, खळखळ नाही. हिरवट, जाड, शांत पाणी, आणि त्याच्या पोटात कुठेतरी एक जागा जिथून ते येत राहतं. कालही येत होतं. तुम्ही गाडीत झोपला होतात तेव्हाही.

ती जागा शोधू नका. नुसतं माहीत असू द्या.

मध्यावर एक खांब उभा आहे. सीतेच्या शोधात निघालेले राम-लक्ष्मण इथे थांबले, रामाला तहान लागली, आजूबाजूला सगळं खारं. लक्ष्मणाने जमिनीत बाण मारला आणि गोडं पाणी वर आलं, अशी कथा. बाण लागला ती जागा खांब दाखवतो, असं काठावरचे लोक सांगतात. रामाने पूजेसाठी वाळूचं लिंग केलं, म्हणून वाळुकेश्वर. आपला वाळकेश्वर.

इतिहासवाले वेगळं सांगतात. शिलाहारांच्या पदरी लक्ष्मण प्रभू नावाचा मंत्री होता, त्याने ११२७ साली हे तळं बांधलं. पुढे पोर्तुगीज काळात देऊळ मोडलं, ते १७१५ मध्ये रामा कामतीने पुन्हा उभं केलं.

दोन्ही गोष्टींत एक राम आहे आणि एक लक्ष्मण. मला हे आवडतं. त्यापलीकडे त्याचं काही करावंसं वाटत नाही.

खांबाकडे बघा. त्याची प्रतिमा पाण्यात वाकडी पडली आहे. पाणी हललं की प्रतिमा मोडते. पाणी थांबलं की जोडली जाते.

मोडते.

जोडली जाते.

श्वास.

बदकं आली. चार, नाही, पाच. मागचं जरा उशिरा निघालं. त्यांच्यामागे पाण्यावर एक रेघ उमटते, रुंद होत जाते आणि काठाला येऊन विरते. तुमच्या पायाखालच्या पायरीपर्यंत येते ती.

रेघ येईपर्यंत थांबा.

समोरच्या पायरीवर एक माणूस ओंजळीतून पाणी सोडतो आहे. गुरुजी शेजारी बसून हलक्या आवाजात सांगतात, तो पाठोपाठ म्हणतो. पितृपंधरवड्यात इथल्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही. आज तो एकटा आहे. कुणाचं तरी नाव घेतो, गोत्र सांगतो, बोटं सैल करतो. पाणी पाण्यात पडतं.

आवाज फार लहान आहे. ऐका.

तुम्हालाही एखादं नाव आठवेल. आठवू द्या. ते माणूस मुंबईला आलं होतं का कधी? राणीची बाग बघितली होती का, म्हातारीच्या बुटासमोर फोटो काढला होता का? ते नाव थोडा वेळ शेजारी बसू द्या. पायरी मोठी आहे.

उजवीकडे घंटा वाजते. एकच. पुजारी घाईत असावा.

गोव्याच्या कवळे मठाची वास्तू इथेच काठावर आहे. काशी मठाचीही. किती लांबून माणसं या गोड्या पाण्याला येऊन टेकली.

फोन हातात आलाच ना? येतो. एक फोटो काढा आणि उलटा ठेवा मांडीवर. फोटोत समुद्राचा वास येणार नाही, हे मी सांगायला नको.

ऊन उतरतं आहे. आधी दीपमाळेच्या टोकावर. मग देवळाच्या कळसावर. मग दोरीवरच्या पिवळ्या साडीवर.

बसून राहा. ते पाण्यात उतरेपर्यंत.

उतरलं.

पोटात भूक हलली. तीही ऐका. जरा वेळ तिला नुसतं राहू द्या.

मग उठा. सावकाश. गुडघ्यांना सांगून.

चढावर मागे वळून बघावंसं वाटलं तर बघा.

हँगिंग गार्डन याच टेकडीवर आहे. यादीतली एक खूण होऊन जाईल, जा. कातरून केलेले झुडपांचे प्राणी आहेत, समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. पण हिरवळीच्या कडेला एक क्षण उभे राहा आणि पायाखाली लक्ष द्या.

खाली पाणी आहे.

ही बाग जलाशयावर घातलेली आहे, १८८० च्या दशकात. वर माती आणि गवत, खाली शहराचं पिण्याचं पाणी, अंधारात, न हलता. ठाणे जिल्ह्यातल्या तानसा-भातसासारख्या धरणांतून नळाने येतं आणि टेकडीच्या पोटात थांबतं. वर पोरं पकडापकडी खेळतात.

तळव्यांनी ऐका. काही ऐकू येणार नाही. तरी.

आता शहरात उतरू. बसच्या खिडकीशी बसा. कंडक्टर नावं पुकारतो, किंवा पाट्या येतात आणि जातात. गवालिया टँक. सी. पी. टँक. धोबी तलाव.

टँक कुठे आहे? तलाव कुठे आहे?

नाही. गेले. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, तोवर मुंबई या तळ्यांवर आणि विहिरींवर जगत होती. नळ आले, मग हिवतापाची भीती आली, मग भराव आला. गुरं पाणी प्यायची त्या गवालिया टँकवर मैदान झालं, आणि तिथे ८ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’ म्हटलं गेलं. धोबी तलावावर धोबी नाही, तलावही नाही. चौक आहे, सिग्नल आहे.

नाव मात्र अजून ओलं आहे. हळू म्हणून बघा. धोबी तलाव.

जेवणाआधी एक थांबा. चर्चगेटला, क्रॉस मैदानाच्या टोकाला.

रस्त्याच्या कडेला एक विहीर आहे. भिखा बेहराम नावाच्या पारशी गृहस्थाने १७२५ मध्ये ती खणवली. तेव्हा समुद्र फार जवळ होता. भराव नंतरचे, मरीन ड्राइव्ह तर कितीतरी नंतरची. तरी पाणी गोडं लागलं. अजून गोडं आहे.

आत फक्त पारशी जातात. तुम्ही बाहेर उभे राहा. बाहेरून दिसतं ते पुरे. रंगीत काचांचं छत. डोक्यावर रुमाल बांधलेली एक आजी, हात जोडून, डोळे मिटून. ओठ हलताहेत.

मागे लोकलमधून उतरलेली गर्दी वाहते आहे. खांद्याला खांदे लागतात. कुणी रागावत नाही, कुणाला वेळ नाही.

तुम्ही मध्ये उभे आहात. मागे हा लोंढा आणि पुढे ती आजी.

एक श्वास गर्दीबरोबर.

एक श्वास तिच्याबरोबर.

पुढे, याच रस्त्यावर, फ्लोरा फाउंटन आहे. १८६४ चं कारंजं. तिथे फक्त कारंजं बघून परतू नका. शेजारी मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या माणसांवर इथेच गोळ्या चालल्या. म्हणून हुतात्मा चौक.

इथे मी काही बोलत नाही.

आता खायला चला. धोबी तलावालाच परत. मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महालात, कयानी. १९०४ पासूनचं इराण्याचं हॉटेल. याहून चांगलं जेवण मुंबईत शंभर ठिकाणी मिळेल. गिरगावात मिसळ आहे, दादरला पियुष आणि साबुदाणा वडा आहे, त्यांच्यावरून भांडणारे लोकही आहेत. भांडू द्या. मला इथे न्यायचं आहे, कारण इथे बसता येतं.

खुर्ची ओढा. जुनं लाकूड आहे, कुरकुरेल.

वर बघा. पंखा. त्याची दांडी लांब आहे आणि छत उंच. वारा वरून खाली यायला वेळ घेतो.

बरण्या बघा. नानकटाई, खारी. त्यांच्या काचेत रस्ता उलटा चालतो आहे.

या इमारतीत गोव्याच्या गावांचे कूड आहेत. बोटीवर नोकरी करणारे गोंयकार दोन सफरींच्या मध्ये इथे उतरायचे, आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या खोलीत. एक पेटी, एक देव्हाऱ्यासारखा अल्तार, संध्याकाळी लदिनची प्रार्थना. महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यावर काढलेली माणसं जिना उतरून अशाच टेबलांशी बसत असतील. समोर कप. हात टेबलावर सपाट. टेबल डोलत नाही, याची खात्री करून घेत.

तुमचेही हात टेबलावर ठेवा. सपाट.

वेटर येतो. काही न बोलता पाण्याचा ग्लास ठेवतो. मागितलेला नाही. आधी पाणी, मग विचारणं.

ब्रून मस्का सांगा. आणि चहा. कडक हवा असेल तर म्हणा, पानी कम. सकाळपासून पाणी बघत फिरलात, आता चहात कमी सांगताय. हसू आलं तर येऊ द्या.

ब्रून येतो. कडक, करकरीत. दातांनी तोडायला गेलं तर टाळू सोलतो. बुडवा. चहात बुडवा आणि मोजू नका, हाताला कळतं. लोणी वितळून चहावर सोनेरी थेंब फिरतात. एकमेकांना शोधतात. चिकटतात.

खा.

चावताना आवाज कमी कमी होत जातो. आधी कुर्र. मग मऊ. मग फक्त गोड आणि खारट, खारट आणि गोड.

बाहेर बस थांबते, सुटते. कुणीतरी कुणालातरी मोठ्याने पत्ता सांगतो आहे.

कप रिकामा झाला. उठायची घाई नाही. गल्ल्यावरचा माणूस तुमच्याकडे बघतही नाही.

ग्लास उरला आहे. आत पाणी. कुठल्या धरणातलं, कुठल्या टेकडीच्या पोटात थांबून आलेलं. रस्त्यावरून काहीतरी जड जातं आणि पाण्यावर बारीक थरथर उठते. कडेपासून मध्याकडे.

थांबते.

उचला. प्या. गार आहे.

ग्लास होता तिथे टेबलावर पाण्याचं एक वर्तुळ राहिलं आहे. पंख्याचा वारा त्याच्यापर्यंत येतो आहे. एका बाजूने ते वाळायला लागलं आहे.

बघा. अजून आहे.