अग्नी देण्याआधीचा प्रश्न

ऑक्टोबर 1998मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘कोलंबो’ या गाजलेल्या मालिकेचा एक भाग दाखवला गेला. नाव ‘ॲशेस टू ॲशेस’. त्यातला खुनी एरिक प्रिन्स हा हॉलिवुडच्या बड्या मंडळींचे अंत्यविधी पार पाडणारा व्यावसायिक आहे. पॅट्रिक मॅक्गूहन या कसलेल्या नटाने ही भूमिका केली, दिग्दर्शनही त्याचंच. प्रिन्सने एका मृत अभिनेत्रीचा हिऱ्यांचा हार लांबवलेला असतो आणि ते एका पत्रकार बाईला कळतं. तो तिचा जीव घेतो. पुरावा दडवायला त्याला रान, विहीर, खाडी काहीच शोधावं लागत नाही, कारण दहनाची भट्टी त्याच्याच ताब्यात असते. दुसऱ्याच्या नावावर तिचा देह जाळला जातो. लेफ्टनंट कोलंबोला शेवटी धागा सापडतो तो राखेत. युद्धात जखमी झालेल्या माणसाच्या अंगातला धातूचा तुकडा भलत्याच माणसाच्या अस्थींत निघतो.

भोर तालुक्यातल्या नसरापुरात हा भाग एका आत्याने आणि तिच्या भाच्याने मोबाइलवर पाहिला. आत्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. भाच्याचं चेलाडी फाट्याकडे मयतीच्या सामानाचं दुकान. दुकानात दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळीची गुंडाळी, पांढरं कापड, मडकं, गुलाल, बुक्का आणि कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याची पेंडी असं सगळं बांधून तयार असतं. निरोप आला की तो सामान घेऊन जातो, तिरडी बांधून देतो आणि घरात माणसं कमी असली तर देहाला आंघोळ घालायलाही हात लावतो. त्यामुळे त्याच्यासाठी ही गोष्ट पडद्यावर संपली नाही.

“सिनेमातलं राहू दे,” आत्या म्हणाली. “आपल्याकडे देह एका माणसाच्या हाती जातोच कुठे? मयत झाली की भावकी जमते, आळी जमते. चार खांदे लागतात.”

“चार खांदे लागतात, पण बघतं कोण?” भाचा म्हणाला. “सकाळी गेलेलं माणूस लेक पोचली की दुपारी उचलतात. तिसऱ्या दिवशी राख सावडतात. त्यानंतर कुणाला शंका आली, तर तपासायचं काय? आता मला सांग, उद्या एखाद्या म्हातारीला आंघोळ घालताना तिच्या गळ्यावर मला निशाण दिसलं, तर मी बोलायचं की गप्प बसायचं?”

आत्याने लगेच उत्तर दिलं नाही. तिने आधी त्याला माहिती दिली. माणूस गेल्यावर काही तासांत रक्त खाली उतरतं. उताणं ठेवलेल्या देहाच्या पाठीवर, मांड्यांच्या मागे जांभळट डाग उठतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा दंड नुसता घट्ट धरला तरी काळानिळा पडतो. “यातलं काही बघून तू तोंड उघडलंस, तर सून जन्मभर गावात मान वर करू शकायची नाही. पंचनामा, भोरला शवविच्छेदन, दारात पोलिसांची गाडी. अहवाल ‘नैसर्गिक मृत्यू’ आला तरी लोक तो वाचत नाहीत. त्यांना गाडी तेवढी आठवते.”

हा आक्षेप हलका नाही. ज्या घरात नुकतंच माणूस गेलं आहे, त्या घराला संशयाने विचारलेला प्रश्न दुसरा घाव घालतो. आणि तो घाव बहुतेक वेळा ज्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नाही, त्यांच्यावर पडतो. सुनेवर पडतो, सांभाळायला ठेवलेल्या बाईवर पडतो, गरीब घरावर पडतो.

मग आत्यानेच पुण्यातला खटला काढला.

12 नोव्हेंबर 1956च्या रात्री शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे पॅसेंजरने मुंबईला निघाल्या. त्या विधवा होत्या, बऱ्यापैकी मालमत्ता बाळगून होत्या आणि मधुमेह व क्षयाने त्रासलेल्या होत्या. सोबत त्यांच्या विश्वासातले डॉक्टर अनंत चिंतामण लागू होते. मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरांना प्रकृती दाखवायची, असं ठरलं होतं. पहाटे गाडी बोरीबंदरला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना जी. टी. हॉस्पिटलमध्ये दाखल केलं आणि नाव भलतंच सांगितलं. दुपार व्हायच्या आत लक्ष्मीबाई गेल्या. त्यांना तपासणाऱ्या तरुण डॉक्टरबाईंना शवविच्छेदन व्हावंसं वाटत होतं. वरिष्ठांच्या सांगण्यावरून ते राहिलं आणि कारण लिहिलं गेलं मधुमेहाने आलेली बेशुद्धी.

देह न्यायला नातेवाईक येईल, असं लागूंनी कळवलं होतं. कुणीच आलं नाही. खोट्या नावाची बाई बेवारस ठरली आणि काही दिवसांनी तो देह ग्रँट मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पाठवण्यात आला. तिथल्या एका कर्मचाऱ्याला मानेवर निशाण दिसलं. त्याने ते वर कळवलं, म्हणून शवविच्छेदन झालं. इकडे नातेवाइकांना लक्ष्मीबाईंच्या नावाची पत्रं येत राहिली. आपण लग्न केलं, आता जयपूरकडे राहतो, असा त्यांतला मजकूर होता. ती पत्रं बनावट होती आणि दरम्यान मालमत्ता लागूंकडे वळत होती. पुढे खटला उभा राहिला. 14 डिसेंबर 1959 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने फाशीची शिक्षा कायम केली.

“बघ, त्या माणसाने डोळे उघडे ठेवले म्हणून झालं,” भाचा म्हणाला.

“अर्धंच ऐकलंस,” आत्या म्हणाली. “त्या निशाणाने काहीच सिद्ध झालं नाही. तपासणीत विषही सापडलं नाही. माणूस अडकला तो खोटं नाव, खोटी पत्रं आणि पैशांच्या व्यवहारामुळे. तुझ्या निशाणाचा भरवसा एवढाच.”

भाचा विचारात पडला. मग त्याने जे म्हटलं, तिथे वादाचं वळण बदललं. “म्हणजे निशाणाचा अर्थ लावायला तो कर्मचारी गेला असता तर चुकला असता. पण त्याने अर्थ लावलाच नाही. दिसलं ते ज्याला सांगायचं त्याला सांगितलं. माझं काम तेवढंच असेल, तर मी कुणावर आरोप करतो कुठे?”

हा फरक महत्त्वाचा आहे. ‘हिचा जीव घेतला’ हा निवाडा आहे आणि तो देण्याचा अधिकार तिरडी बांधणाऱ्याला नाही. ‘गळ्यावर निशाण आहे, डॉक्टरांनी एकदा बघावं’ ही माहिती आहे आणि ती दडवण्याचाही अधिकार त्याला नाही. अडचण अशी की गर्दीने भरलेल्या ओटीवर दुसरं वाक्य उच्चारलं, तरी ऐकणाऱ्याच्या कानात पहिलंच पडतं.

मग कुणाला सांगायचं? भाचा म्हणाला, घरच्या डॉक्टरांना. आत्याने मान हलवली. “लागू घरचेच डॉक्टर होते.”

इंग्लंडमधलं हॅरॉल्ड शिपमनचं प्रकरण या मुद्द्यावर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला हा लोकप्रिय डॉक्टर. जानेवारी 2000मध्ये 15 खुनांसाठी दोषी ठरला. नंतरच्या न्यायिक चौकशीने बळींची संख्या 215 असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच्यावर पहिल्यांदा ज्यांनी शंका घेतली, त्यांत गावात अंत्यविधीचा व्यवसाय करणारं मॅसी कुटुंब होतं. या डॉक्टरच्या म्हाताऱ्या रुग्ण बाया फार मरतात, बऱ्याचदा खुर्चीत बसलेल्या, अंगावर नेहमीचे कपडे, हे त्यांना खटकलं. वडिलांनी सरळ शिपमनलाच विचारलं. त्याने शांतपणे समजूत घातली. लेकीने, डेबोरा मॅसीने, दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांच्याशी बोलणं काढलं. त्यांनी मार्च 1998मध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवलं. पोलिसांनी वरवर तपास करून फाइल बंद केली आणि त्यानंतर शिपमनने आणखी तीन बायांचा जीव घेतला. तो सापडला शेवटच्या खुनात, बनावट मृत्युपत्रामुळे. त्या बाईंना पुरलं होतं, म्हणून देह उकरून तपासता आला.

पडद्यावर अंत्यविधी करणारा खुनी ठरला त्याच वर्षी प्रत्यक्षात अंत्यविधी करणाऱ्यांनीच खुनाचा माग पहिल्यांदा दाखवला होता.

“तिथे तर नियम होता,” आत्या म्हणाली. “दहनाआधी दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची. तो दुसरा डॉक्टर पहिल्यावर विश्वास ठेवून सही करायचा. नियमाने काय झालं?”

“आणि आपल्याकडे?”

आपल्याकडे कायदा कमी नाही. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. मरणसमयी उपचार करणाऱ्यानेच नाही, तर स्मशानाची व्यवस्था पाहणाऱ्यानेही मृत्यू कळवायचा असतो. संशयास्पद मृत्यूत पोलीस शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा करतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 174 होतं, जुलै 2024पासून नागरिक सुरक्षा संहितेत 194 आहे. खून झाल्याचं ठाऊक असलेल्याने ते कळवलंच पाहिजे, असंही कायदा सांगतो. पण ‘ठाऊक असणं’ आणि ‘खटकणं’ यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा आहे. भाचा उभा आहे तो तिथे.

आत्याने वेल्ह्याकडच्या वाड्यांची आठवण काढली. आषाढातला पाऊस, रात्रीचं मरण, डॉक्टर मैलोगणती लांब. “प्रमाणपत्र आण, मग अग्नी दे, असं तिथे म्हणालास तर गरिबाचा देह ओटीवर पडून राहील. शहरातल्या दवाखान्यात मरणाऱ्याला कागद आपोआप मिळतो. शिक्षा घरात मरणाऱ्याला होईल.” तिचं हे म्हणणं भाच्याला खोडता आलं नाही. त्याने तसा प्रयत्नही केला नाही.

त्याने वेगळी वाट धरली. प्रश्न एखाद्याच घरात विचारला, तर तो आरोप होतो. तोच प्रत्येक घरात, वाड्यात आणि झोपडीत, सारख्याच शब्दांत विचारला, तर ती रीत होते. शेवटचं जिवंत कुणी पाहिलं, किती वाजता, औषध कुणाचं चालू होतं. सामान देतानाच विचारायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. सरपंचाच्या घरी मयत झाली तरी तेच. “म्हणजे विचारलं म्हणून कुणाची मान खाली जायची नाही. आणि खरंच काही खटकलं, तर ओटीवर बोलायचं नाही. उपचार करणारा सोडून दुसऱ्या डॉक्टरला बोलवायचं. तोही म्हणाला की बरोबर वाटत नाही, तर पोलीस ठाणे.”

“आणि चुकलास तर?”

“चुकलो तर त्या घराची माफी मागेन. लोक माझं दुकान सोडतील, तेही सोसेन. गप्प बसून चुकलो तर माफी मागायला समोर कुणी उरणार नाही.”

आत्याला हे पूर्ण पटलं नाही. सुनेची गेलेली अब्रू माफीने परत येत नाही, हे तिचं म्हणणं शेवटपर्यंत कायम राहिलं आणि ते खरंच आहे. पण सगळ्यांना विचारण्याची रीत तिने मान्य केली. एक भर घातली, की बाईच्या देहाला आंघोळ घालणाऱ्या बायांनाही काय बघायचं आणि कुठले डाग साधे असतात, हे कुणीतरी शिकवलं पाहिजे. ते काम तिने स्वतःकडे घेतलं.

दोघांच्या वादातून निघालेली ही तोड अपुरी आहे, तरी आज गावात जे चालतं त्यापेक्षा ती बरी आहे. जी. टी. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरबाईंचा प्रश्न मागे पडला, कारण शवविच्छेदन हा अपवाद होता आणि अपवादासाठी वरिष्ठांशी भांडावं लागतं. विचारण्याची रीत असती, तर न विचारण्यासाठी वरिष्ठांना कारण द्यावं लागलं असतं.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी स्मशानभूमीसाठी अशी एक साधी वही सुरू करावी. तीत प्रत्येक मृत्यूची वेळ, शेवटचं पाहणाऱ्याचं नाव आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव, कुणालाही न वगळता, लिहिलं जावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. वाचकांनी हा विषय आपापल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत मांडावा.