गुणफलक आणि न्याय

शिक्षणात खेळाचा शिरकाव नवा नाही. पाढे सुरावर म्हणणे, भेंड्या लावून कविता पाठ करणे या रीती जुन्याच आहेत. ऑनलाइन शिक्षणाने मात्र खेळाला साधन न ठेवता शिक्षणाची चौकटच बनवले आहे. गुण, बिल्ले, चढत्या पातळ्या, क्रमवारीचा फलक आणि विद्यार्थ्याने धारण करावयाचा ‘अवतार’ यांनी एक जग सजवले जाते. गणित सोडवू पाहणाऱ्या मुलीला त्या जगात केवळ चिलखतधारी पुरुष योद्धेच भेटले, तर उदाहरण वाचण्यापूर्वीच तिला एक वेगळे उत्तर मिळालेले असते: हे स्थळ दुसऱ्या कुणासाठी सजवलेले आहे.

परिसर मूक नसतो, याचा प्रत्यय सप्ना चेरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून येतो. ‘स्टार ट्रेक’ची भित्तिचित्रे आणि व्हिडिओ गेम असलेल्या खोलीत विद्यार्थिनींची संगणकशास्त्रातील रुची विद्यार्थ्यांहून कमी आढळली, निसर्गचित्रांसारख्या साध्या वस्तू मांडल्यावर ही तफावत उरली नाही. विषय बदलला नव्हता. केवळ भिंती बदलल्या होत्या. खेळरूप शिक्षणात भिंत आणि पाठ यांतील अंतरच नाहीसे होते. म्हणूनच 2017 मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी असा प्रश्न प्रयोगासाठी घेतला, की अशा प्रणालींतील लिंगभावाच्या साचेबंद प्रतिमा विद्यार्थ्यांची चिंता वाढवतात काय.

तथापि येथे सावधपणा आवश्यक आहे. क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन यांनी 1995 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संदर्भात मांडलेली, आणि 1999 मध्ये स्त्रियांच्या गणितातील कामगिरीलाही लावून पाहिली गेलेली ‘साच्याच्या धाका’ची कल्पना निर्विवाद राहिलेली नाही. नेदरलँड्समधील दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलींच्या गणितातील गुणांवर असा परिणाम दिसून आला नाही. मग आक्षेपच संपतो काय? गुणांची घट हाच अन्यायाचा एकमेव पुरावा मानला, तर संपतो. परंतु अपमान सोसूनही पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलीचा अपमान झालाच नाही, असे कोणते नीतिशास्त्र म्हणेल? साच्याचा मूळ दोष तो कामगिरी बिघडवतो हा नाही. व्यक्ती समोर येण्यापूर्वीच तो तिच्याविषयी निर्णय देऊन मोकळा होतो, हा आहे.

हा निकष उपायांनाही लावावा लागतो. मुलींसाठी गुलाबी आवृत्ती काढणे, किंवा त्यांना स्पर्धा मानवत नाही असे गृहीत धरून केवळ त्यांच्यापुरता क्रमवारीचा फलक झाकणे, यांत हेतू दयाळू असला तरी साचा तोच आहे. जिंकण्याची ईर्ष्या बाळगणारी मुलगी आणि क्रमवारीने कोमेजणारा मुलगा, दोघेही त्या दयेतून वगळले जातात. महाराष्ट्रात ‘बालभारती’ने 2019 मध्ये इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि वडील मिळून घरकाम करताना दाखवले. त्या चित्रांनी कोणाला काय आवडावे हे ठरवले नाही. आधीच ठरवून टाकलेले एक उत्तर तेवढे मागे घेतले. खेळाच्या पडद्याकडूनही याहून निराळी अपेक्षा नाही. फलक हवा की नको, योद्धा व्हावे की वैद्य, ही निवड प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असली पाहिजे.

पाठ्यपुस्तकातील चित्रावर निदान चर्चा होते, पालक पत्र लिहितात, संपादक मंडळाला उत्तर द्यावे लागते. पडद्यावरील चित्र मात्र करमणूक म्हणून सहज दृष्टिआड होते. खेळात नियम सर्वांना सारखे असतात, हा त्याचा मोठा नैतिक गुण मानला जातो. पण नियम सारखे असणे आणि मैदान सर्वांचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणाला पहिलीवर समाधान मानता येत नाही.