मावळातला पैशाचा धडा

पैसा म्हणजे काय, याचे शाळेतले उत्तर ठरलेले असते: विनिमयाचे माध्यम, मूल्याचे मापक, मूल्याचा संचय. एवढे लिहिले की गुण मिळतात. शंभराची नोट घेणारा ती का घेतो, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. कोणीतरी मान्य केलेले देणे आणि ते पुढे चालेल हा भरवसा, हे त्याचे उत्तर. मावळातल्या शिक्षकाला ते शिकवायची साधने हाताशीच आहेत.

पाठ्यपुस्तकातला धडा बहुधा धान्य देऊन मडके घेण्यापासून सुरू होतो. गावगाड्यातले बलुते तसे चालत नसे. सुतार, लोहार, न्हावी वर्षभर काम करीत आणि सुगीला खळ्यावरून भाताचा ठरलेला वाटा नेत. ही हातोहात अदलाबदल नव्हे, वर्षाची उधारी होती. तिला नाणे लागत नव्हते. ओळख आणि स्मरण पुरे होते. कोणी कोणते काम करायचे हे जातीने ठरत असे. तेही वर्गात झाकून ठेवू नये.

अनोळखी माणसाशी व्यवहार आला की स्मरण पुरत नाही, नोंद लागते. कार्ल्याच्या लेण्यात शाळांच्या सहली येतात, पण तिथले लेख क्वचितच वाचले जातात. धेनुकाकटच्या यवनांनी एकेक खांब दिला, गंधविक्या सिंहदत्ताने दार दिले, अशा त्या नोंदी आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंसाठी करजिक गाव दिले. त्याचाच नाशिकच्या पांडवलेण्यांतला लेख तर पैशाचा अख्खा धडा आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दल कधी काढायचे नाही, व्याजातून वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाच्या, 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. सरळ व्याज येणाऱ्या मुलाला हिशेब पडताळता येतो: महिन्याला 20, वर्षाला 240, आणि 20 गुणिले 12 तेवढेच. ठेव निगमसभेत जाहीर करून नोंदवली होती.

पुढचा प्रश्न मुलांनीच विचारायला हवा: कापड महागले तर? बारा कार्षापण बाराच राहतात. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर ठरावीक रकमेची खरेदीशक्ती सुमारे 12 वर्षांत निम्मी होते. निव्वळ बचतीचा उपदेश करणाऱ्या धड्यांत नेमके हेच गळते.

नाण्याचे मोल नुसते चांदीत नसते. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. चांदी तीच, हमी देणारा बदलला. आजच्या नोटा वर्गात दाखवाव्यात: दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचे वचन आणि सही असते, एक रुपयाच्या नोटेवर वित्त सचिवाची सही असते आणि वचन नसते, कारण ती भारत सरकार काढते.

लोणावळ्यात चिक्की घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला की नोट कुठेच हलत नाही. गिऱ्हाइकाच्या खात्यातली रक्कम घटते, दुकानदाराच्या खात्यात वाढते, आणि दोघांच्या बँका आपसातला हिशेब रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवरून मिटवतात.

सर्वांत अवघड भाग कर्जाचा. बँक एकाची ठेव उचलून दुसऱ्याला देते, असा मुलांचा समज असतो. पवन मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउससाठी कर्ज मंजूर झाले की बँक कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा दाखवते. ही नवी ठेव त्या नोंदीनेच जन्मते आणि कर्ज फिटत जाते तशी मिटत जाते. बँकेला मर्यादा असतात: भांडवलाची अट, रोख राखीव प्रमाण, बुडीत कर्जाची धास्ती. म्हणून खिशातली नोट आणि खात्यातली शिल्लक एक नव्हेत. नोट हे रिझर्व्ह बँकेचे देणे, शिल्लक हे त्या बँकेचे. आणि बँक बुडालीच, तर फेब्रुवारी 2020 पासून ठेव विमा एका बँकेतल्या प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंतच संरक्षण देतो.