मुलांची बंद पेटी

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आमच्या शेजारचे एक गृहस्थ हातांत मोबाइल घेऊन आमच्या ओटीवर आले. मोबाइल त्यांच्या दहावींत शिकणाऱ्या मुलाचा होता. ते हलक्या आवाजांत म्हणाले, “गुरुजी, पोरगा न्हाणींत आहे तोंवर एवढा उघडून द्या. महिनाभर धड जेवत नाहीं, भिंतीकडे तोंड करून पडतो, विचारलें तर कांहीं नाहीं म्हणतो. आंत काय चाललें आहे तें मला बघायचें आहे.” आम्हीं त्यांस बसावयास सांगितलें, पण मोबाइलास हात लावला नाहीं. कां लावला नाहीं, तें त्यांस जसें सांगितलें तसें वाचकांसही सांगावें असें वाटतें. कारण हायस्कुलांत जाणारें मूल ज्या घरांत आहे त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. वाढत्या मुलानें जें झांकून ठेवलें, तें उघडण्याचा अधिकार आईबापांस आहे काय?

शहरांतील सुखवस्तु घरांत हा प्रश्न खोलीच्या दाराचा असतो. चौदा पंधरा वर्षांच्या मुलास निराळी खोली मिळते, तो भिंतीवर आपल्या आवडीचीं चित्रें लावतो व आंतून कडी घालतो. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं ओटी, माजघर व स्वयंपाकघर यांपलीकडे खोली नसते, तेथें कडीची गोष्ट कोठून? पण म्हणून आपल्या मुलांस आडोसा नको असतो असें नव्हे. धान्याच्या कोठीमागील जागा, माळ्यावरचा कोपरा, दप्तराचा आंतला कप्पा, ह्या त्यांच्या खोल्याच होत. ज्यांनीं वसतिगृहांत दिवस काढले त्यांस आठवत असेल कीं, एवढ्या मुलांच्या त्या लांबलचक दालनांत आपली म्हणावी अशी जागा पत्र्याच्या ट्रंकेच्या झांकणाखालींच काय ती असे. झांकणाला आंतून चिकटवलेलें एखादें चित्र, घरचें पत्र, सणाचे उरलेले दोन लाडू, आणि किल्ली गळ्यांतल्या दोऱ्याला.

ह्या जागेची गरज कां पडते हें कळण्यास हायस्कुलांतील एक दिवस पाहावा. सकाळीं एस.टी.च्या गर्दींत उभें राहून जावयाचें. हजेरीला नांव पुकारलें कीं आवाज फुटला म्हणून मागच्या बांकावरून हंशा. गणित येत नसतां फळ्यापुढें उभें राहावयाचें. चांचणीचे गुण सर्व वर्गासमक्ष ऐकावयाचे. कोणाची चप्पल शिवलेली, कोणाच्या डब्यांत रोज तीच चटणी, तेंही सर्वांनीं पाहावयाचें. घरीं यावें तों आईचे प्रश्न, बापाचे प्रश्न, आणि पाहुणा आला असल्यास पाहुण्याचेही. जें मूल दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें, त्यास अर्धा तास कोणाचेच डोळे नकोत असें वाटलें तर त्यांत पाप तें कोणतें? आम्हीं चौतीस वर्षें शिकविलें, पण वर्गांत आम्हांस मुलाची पाठ व पाठांतर एवढेंच दिसे.

आमच्याच घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. आमची मुलगी नववींत असतां तिनें खिडकीपाशीं आईचें जुनें लुगडें दोरीवर टाकून आपला एक कोपरा केला होता. तेथें तिची ट्रंक असे. एके दिवशीं ती शाळेंत गेली असतां आम्हीं ती ट्रंक उघडली. कारण कांहीं नव्हतें. आपल्या पैशानें घेतलेली ट्रंक, आपलीच मुलगी, एवढेंच मनांत होतें. आंत एक वही निघाली. तिच्यांत मैत्रिणीशीं झालेलें भांडण होतें, आणि आमच्या रागीटपणाविषयीं चार ओळी होत्या. त्या खऱ्या होत्या. वही आम्हीं जशीच्या तशी ठेवली, पण मुलीला कळलें. ती भांडली नाहीं, रडली नाहीं. दुसऱ्या दिवशीं लुगडें काढून घडी करून ठेवलेलें होतें, ट्रंकेला कुलूप नव्हतें, आणि वहींत एक अक्षर नव्हतें. पुढील वर्षीं रस्त्यांत कांहीं मुलांनीं तिला कित्येक आठवडे त्रास दिला, तो आम्हांस सर्वांच्या शेवटीं आणि परक्याच्या तोंडून कळला. चार ओळी वाचून जें मिळालें त्याची किंमत ही पडली.

ह्याच्या उलट वागलेल्या एका बापाची हकीकत जगजाहीर आहे. अ‍ॅन फ्रँक ही यहुदी मुलगी हॉलंडांतील अ‍ॅमस्टरडॅम शहरीं राहत असे. वर्गांत फार बोलते म्हणून गणिताच्या शिक्षकांनीं तिला बडबडीवरच निबंध लिहिण्याची शिक्षा दिली होती. म्हणजे आपल्या मुलींसारखीच मुलगी. तेराव्या वाढदिवशीं, १२ जून १९४२ रोजीं, तिला एक रोजनिशी मिळाली, आणि महिनाही झाला नाहीं तों जर्मनांच्या भयानें सर्व कुटुंबास बापाच्या कचेरीच्या मागील भागांत लपावें लागलें. तेथें हें कुटुंब दोन वर्षांहून अधिक काळ राहिलें, आणि पुढें तेथें एकूण आठ माणसें झालीं. अ‍ॅनची खोली अरुंद, आणि तींतही एक प्रौढ दंतवैद्य सोबतीस. तिनें भिंतीवर सिनेनटांचीं चित्रें चिकटवलीं. तीं तेथें अजून पाहावयास मिळतात. लिहिण्याचें टेबल आठवड्यांतून दोन दिवस चार ते साडेपांच आपणांस मिळावें एवढ्यासाठीं ती त्या गृहस्थाशीं भांडली, आणि शेवटीं बापानें मध्यें पडून तें तिला मिळवून दिलें. रोजनिशी रात्रीं बापाच्या बिछान्याशेजारच्या चामड्याच्या पिशवींत असे. ती वाचणार नाहीं असें त्यानें वचन दिलें होतें. जेथें एक खोकला सर्वांच्या जिवावर बेतला असता, तेथेंही त्यानें तें पाळलें.

४ ऑगस्ट १९४४ रोजीं सर्वांस धरून नेलें. जमिनीवर विखुरलेले कागद कचेरींतील मीप गीस ह्या बाईनें व तिच्या सोबतिणीनें गोळा केले, आणि मीपनें ते न वाचतां खणांत ठेवले. मुलगी परत आली म्हणजे तिचे तिला द्यावे हा तिचा बेत. आपण वाचले असते तर मदत करणारांचीं नांवें पाहून ते जाळावे लागले असते, असें ती पुढें सांगे. अ‍ॅन १९४५ सालीं बेर्गन-बेल्सन येथील छावणींत वारली. आठांपैकीं एकटा बाप परतला. मुलीचें लिहिणें त्यानें तेव्हां प्रथम वाचलें, आणि आपल्या मुलीच्या अंतःकरणांत इतकें कांहीं होतें हें आपणांस ठाऊकच नव्हतें असें त्यानें पुढें उघडपणें कबूल केलें. पुस्तक १९४७ सालीं निघालें. बापानें रोज चोरून वाचलें असतें, तर तिनें मनांतलें लिहिलें असतें काय?

कायदाही आतां ह्या बाजूस झुकला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारांतील सोळावें कलम मुलाच्या खाजगीपणाचें रक्षण करतें, व भारतानें तो करार १९९२ सालीं मान्य केला. पण कोणी बाप करार वाचून ट्रंक बंद करील असें आम्हांस वाटत नाहीं.

शेजाऱ्यांनीं येथें आम्हांस अडविलें. ते म्हणाले, “तें सर्व खरें, गुरुजी. पण पोरगा जिवाचें कांहीं करून बसला तर? वचन घेऊन काय करूं?” हा आक्षेप लहान नाहीं. मोबाइलाच्या वाटेनें परका लबाड मनुष्य थेट मुलाच्या उशापर्यंत येतो, तसा तो ट्रंकेंत येऊं शकत नव्हता. जेथें जिवाची भीति आहे तेथें कुलूप तोडावें, असेंच आमचें मत आहे. आग लागलेल्या घराचें दार कोणी ठोठावीत बसत नाहीं. मात्र तोडावयाचें तें मुलासमक्ष, भीति बोलून दाखवून. तो न्हाणींत असतां उघडलें, तर आंत जें सांपडेल त्याविषयीं त्याच्याशीं बोलावयाचें कोणत्या तोंडानें? आधीं विचारा, आणि एकदां नाहीं म्हणाला म्हणून उठूं नका. त्याच्या शेजारीं बसून राहा. उत्तर आलें नाहीं व भीति गेली नाहीं, तर आज रात्रींच त्याला सांगून तो उघडा, आणि सकाळीं डॉक्टरांकडे चला, आम्ही बरोबर येतों.

गृहस्थ कांहीं वेळ गप्प बसले. त्यांचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. मग मोबाइल उचलून ते निघून गेले. दोन्ही घरांमध्यें एक कुंपणच आहे, त्यामुळें थोड्या वेळानें त्यांचा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकूं आला: “बाळ, तुझा मोबाइल मी उचलून नेला होता. तुला न विचारतां. इकडे ये, बस जरा.” पुढचें आपल्या कानीं पडूं नये म्हणून आम्हीं उठून खिडकी लावून घेतली.